राखाडी पलटण

कलीम सर वर्गात शिरले की आधी फळ्याखालचं डस्टर उचलायचे आणि पहिल्या बाकावर ठेवून म्हणायचे, "हे तुमच्यापाशी ठेवा. मला लागत नाही." मग पाठमोरे उभे राहून महाधमनीपासून सुरुवात करत एका दमात माणसाचं हृदय काढायचे. लाल खडू, निळा खडू, पांढरा खडू, आणि खोडाखोड अजिबात नाही. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये आता डिजिटल फळे आलेत, बोट लावलं की हृदय धडधडताना दिसतं. तरी पोरं फोटो काढायची ते कलीम सरांच्या खडूच्या हृदयाचे. मी शेजारच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझा घर्षणाचा साधा ठोकळाही फळ्यावर वाकडा येतो. तो बघून ते दारातून म्हणायचे, "जाधव सर, ठोकळा शिरूर अनंतपाळहून टमटममध्ये हादरे खात आला का?"

न खोडण्यामागे त्यांचं एक गणित होतं. "एक रेघ खोडली की पोरगं इचार करतंय, आधीचं बी चूकच असंल. मग कशावर भरोसा ठेवावा त्यानं?" मूळचे ते जळकोटचे. घरी दखनी उर्दू बोलायचे, वर्गात पुस्तकी मराठी आणि आमच्याशी गावची. साठीजवळ आलेला उंच माणूस, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पूड लागलेली.

आमची खरी दोस्ती झाली ती एका खेळामुळे. रसायनशास्त्राच्या शिल्पा मॅडमना पुण्यात शिकताना टेबलावरच्या गोष्टींच्या खेळाचा नाद लागला होता. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि आपला डाव साधला की फसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. रविवारी दुपारी पोरांची टेस्ट संपली की रिकाम्या वर्गात आम्ही बाकं जोडून बसायचो. पहिल्यांदा कलीम सर दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही मास्तर हाव का लेकरं?" आणि महिनाभरात गोष्ट सांगण्याची गादी त्यांनीच बळकावली. त्यांचे राक्षस दखनीत शिव्या द्यायचे. किल्ला कुठल्याही देशातला असो, त्यांच्या तोंडून तो उदगीरचा किल्ला होऊन यायचा. कोण कुठे उभं आहे हे कळायला आम्ही खडूचे तुकडे मांडायचो. पांढरे आम्ही, लाल ते राक्षस. एकदा शिपाईमामांनी अख्खी लढाई केरात झाडून नेली, तेव्हा ठरलं की आता खरे पुतळे मागवायचे.

पुतळे म्हणजे अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे योद्धे, चेटकिणी, राक्षस. ते दोन तऱ्हांनी मिळतात. रंगवून तयार, नाहीतर नुसते राखाडी, आपले आपण रंगवायचे. कलीम सरांना त्यात विचार करण्यासारखं काही वाटेना. "बिनरंगाचेच घ्या. रंगवलेली पलटण म्हंजे हॉटेलातून आणलेली पुरणपोळी. मी बसलोय की रंगवायला!" ते त्या दिवसापासून पलटणीच्या स्वप्नात होते. कुणाच्या अंगरख्याला कुठला रंग, राक्षसाचे डोळे पिवळे की तांबडे, हे स्टाफरूममध्ये मला ऐकवायचे.

आम्ही मागवायच्या आधीच ती गोष्ट घडली. माझा तास संपवून मी त्यांच्या वर्गावरून जात होतो. फळ्यावर नेहमीचं हृदय होतं, पण डाव्या कप्प्याची भिंत झालरीसारखी थरथरत खाली आली होती. सर तिच्याकडे बघत उभे होते. मग ते वळले, पहिल्या बाकाशी गेले आणि म्हणाले, "डस्टर द्या." त्यांनी ती रेघ पुसली, पुन्हा काढली, ती पुन्हा तशीच आली. मी तिथे न थांबता निघून गेलो.

तो कंपवात होता, हे पुढे कळलं. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं म्हणे, पण त्यांनी क्लासमध्ये कुणाला कळू दिलं नव्हतं. आमच्याकडे फळ्यावर हात चालेना की माणूस चालेनासा होतो, हे ते ओळखून होते.

पुढच्या रविवारी मोबाइल माझ्या हातात होता. दोन्ही तऱ्हांचे पुतळे समोर दिसत होते. शिल्पा मॅडम जपून म्हणाल्या, "सर, या खेपेला रंगवलेलेच घेऊ या का? तुमच्यामागे आधीच पेपर तपासायचे असतात." कलीम सरांनी दोन्ही हात बाकाखाली घेतले. त्यांच्या हाताचं शिल्पा मॅडमना कळलं होतं, मला कळलं होतं, आणि आम्हाला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून आम्ही दोघं धडपडत होतो. अडलं की फासा टाकायचा हा आमचा रिवाज, म्हणून मी फासा पुढे केला. त्यांनी मान हलवली. "हे फाशाचं काम न्हाई. जाधव सर, तुम्ही बोला." रंगवलेले मागवले तर तो निरोप ठरणार होता, आणि बिनरंगाचे मागवले तर परीक्षा. मी बिनरंगाचे मागवले. त्यांचा चेहरा असा खुलला, की मी बरोबर केलं अशी माझी खात्रीच पटली.

खोकं ते घरी घेऊन गेले. "राखाडी पलटण ताब्यात घेतली बघा," म्हणाले. नंतर दर रविवारी विचारलं की एकच उत्तर यायचं, "रंगवायलोय. कामात घाई न्हाई." आम्ही खडूच्या तुकड्यांवर खेळत राहिलो. मग ते रविवारचे यायचे थांबले, आणि सत्राच्या शेवटी क्लासलाही.

मी घरी गेलो तेव्हा दार त्यांच्या बायकोनं, शबानाभाभींनी उघडलं. आत स्पिरिटचा वास भरला होता. खिडकीच्या कट्ट्यावर पलटण ओळीने उभी होती, सगळी राखाडी. मला वाटलं, हात लावलाच नाही. जवळ जाऊन बघितलं तर घड्यांमध्ये, बोटांच्या बेचक्यांत रंग अडकून राहिलेला. कुठे निळा, कुठे तांबडा, एकावर एक. ते रंगवायचे, रेघ हलली की स्पिरिटने पुसून काढायचे आणि पुन्हा रंगवायचे.

"साठीला आल्यावर खोडायला शिकलो, सर," ते पलंगावरून म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं ना? तरी बिनरंगाचेच मागवले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं केलं. रंगवलेले आणले असते तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. तेवढं सत्र तरी निघालं."

भाभी चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवताना त्या हळूच पण स्पष्ट म्हणाल्या, "सत्र निघालं, पण झोप गेली यांची. पुसायचे, रडायचे, पुन्हा पुसायचे. रंगवलेल्याच आणायच्या होत्या त्या बाहुल्या." सरांनी त्यांना गप्प केलं नाही. दोघंही खरं बोलत होते.

ते आता जळकोटला भावाकडे राहतात. जाताना खोकं माझ्याकडे पाठवलं. घरी उघडून एकेक पुतळा बाहेर काढला. सगळे पुसलेले होते, तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक राक्षस सोडून. तो पुरता रंगवलेला होता. अंगरख्याची किनार फळ्यावरच्या त्या भिंतीसारखी थरथरत गेलेली, एक डोळा पिवळा आणि दुसरा गालावर ओघळलेला. मी फोन लावला.

"एक पुसायचा राहिलाय, सर."

"राहिला न्हाई," ते म्हणाले. "ठिवलाय. त्याला कुणी स्पिरिट लावायचं न्हाई."

रविवारी आम्ही पलटण मांडतो. आम्ही सगळे राखाडी असतो आणि समोर तो एकटा रंगीत. गोष्ट आता शिल्पा मॅडम सांगतात, आणि त्याला मारायची पाळी आली की फासा माझ्या हातातच राहतो.