काळी चार ते पांढरी तीन

हार्प आमच्या घरी आली तेव्हा कुरिअरवाल्यानं खोका दारात आडवा ठेवला आणि पाळणा कुणासाठी मागवलाय म्हणून विचारलं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे शेजारच्या काकूंनी आपलं दार जरा जास्तच उघडलं. खोका फोडल्यावर त्यांची निराशा झाली, पण अंदाज बांधणं काही त्यांनी सोडलं नाही. त्यांचं माहेर पैठणचं. ताणलेल्या बावीस तारा बघून त्या म्हणाल्या, हा पैठणीचाच माग आहे, फक्त लहान काढलाय. आठवडाभर गल्लीत बातमी होती की मी घरी पैठण्या विणणार.

हे वाद्य आहे हे मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीला पटवायला वर्ष गेलं. त्यातल्या पहिल्या सहा महिन्यांचा दोष माझाच. मी जे वाजवत होते त्याला वाद्य म्हणायला बराच मोठेपणा लागला असता.

झालं होतं असं, की बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना मी मोबाईलवर कुणा बाईला हार्प वाजवताना पाहिलं. दाढ दुखत होती, तरी ऐकत राहिले. नंतर दोन वर्षं गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या आणि कुणीतरी वापरून कंटाळलेली एक छोटी हार्प घेतली. आपल्या शहरात हार्प शिकवणारं कुणी मला सापडलं नाही. मग डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, व्हिडिओ अर्ध्या गतीनं लावायचा आणि बोटं बघत बसायचं. असं शिकलं की चुकाही आपल्या आपणच शिकतो. वेरूळच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी दर शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी वाजवते. तिथं एक म्हातारी परदेशी बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ येऊन तिनं माझी करंगळी हळूच धरली आणि बाजूला ठेवली. हार्प वाजवताना करंगळी वापरतच नाहीत म्हणे. दीड वर्ष मी त्या बिचारीला राबवलं होतं. मला इतका राग आला की एका गाण्यात अजूनही मी ती मुद्दाम वापरते.

बाकी लोक मात्र प्रेमळ. हळदीच्या कार्यक्रमाला वाजवायला गेलं की बायका हळदीच्या हातानं तारा छेडून बघतात. रिक्षावाले गोधडीत गुंडाळलेली हार्प बघून पेशंट आहे का विचारतात. आणि आईशी माझं दर उन्हाळ्यात कूलरवरून भांडण होतं. कूलरची ओली हवा लागली की लाकूड फुगतं आणि लावलेले सूर हलतात. आई म्हणते, चाळीस-बेचाळीसच्या उन्हात माणसं आधी की तुझं लाकूड आधी. या प्रश्नाचं माझं खरं उत्तर मी तिला कधीच दिलेलं नाही.

पप्पांचा अभिप्राय पहिल्याच दिवशी मिळाला होता. त्यांनी एक तार ओढली, ऐकली आणि म्हणाले, "याच्यात सूर ओढता येत नाय. सुटे सुटे पडतेत." एवढं बोलून ते पेपर वाचायला गेले. मला ते लागलं, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि ते बोलणारा माणूस गाणारा होता.

पप्पांनी वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर नोकरी केली, पण त्यांची ओळख गाण्याचीच. तरुणपणी त्यांची गायनपार्टी होती. जयंतीच्या दिवसांत बिडकीनपासून करमाडपर्यंत त्यांनी गावंच्या गावं पालथी घातली, बाबासाहेबांची, बुद्धाची गाणी गात. पेटीवर कायम एकच माणूस, पप्पांचे दोस्त. त्यांना मी नुसतं काका म्हणते. आणि पप्पांची पट्टीही कायम एकच. गाणारा आपला 'सा' ज्या उंचीवर धरतो ती त्याची पट्टी. पेटीवर ती बोटानं दाखवता येते, म्हणून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नंबरानं ओळखतात. पप्पांची काळी चार. पुरुषाच्या गळ्याला ती चांगलीच चढी. माइक बंद पडला तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, असं काका दर भेटीत सांगतात. वस्तीतले जुने लोक अजूनही मला 'काळी चारवाल्याची पोरगी' म्हणतात.

मागच्या वर्षी जयंतीच्या स्टेजवर अंतऱ्यातल्या वरच्या जागेला पप्पांचा आवाज फाटला. ते थांबले, पाणी प्यायले, पुन्हा चढले, पुन्हा फाटला. कोरसवाल्यांनी गाणं सावरून नेलं. घरी येऊन पप्पांनी गाण्यांची वही कपाटावर टाकली. डॉक्टर म्हणाले, गळ्याला काही झालेलं नाही, वय झालंय, जरा खालच्या पट्टीत गा. पप्पा घराशी आल्यावर म्हणाले, "खाली गाऊन कुटं गाणं व्हतं का?" त्यानंतर त्यांनी अंघोळ करतानासुद्धा गुणगुणणं सोडलं. आमच्या घरात न्हाणीघरातून आवाज येत नाही म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. सकाळी मला ते ऐकू आलं नाही की दिवसभर कशात लक्ष लागत नसे.

यंदा विहाराच्या महिला मंडळानं मला बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात हार्प वाजवायला बोलावलं. मी म्हटलं, वाजवीन, पण सोबत पप्पा गातील. बायका खूश झाल्या आणि त्यांनी ते फळ्यावर लिहूनही टाकलं. पप्पांना विचारायचं राहिलं होतं. माझी जीभ नेहमीच माझ्या पुढं दोन पावलं चालते. आता पप्पा गायले नाहीत तर फळ्यावरचं त्यांचं नाव सगळ्यांदेखत पुसलं जाणार होतं, आणि ते माझ्यामुळे.

मी त्यांना सरळ विचारलं नाही. विचारलं असतं तर 'नाय' आलं असतं, आणि पप्पांचं 'नाय' परत फिरत नाही. म्हणून एका रविवारी मी हार्प काळी चारमध्ये लावली आणि त्यांच्या आवडीचं एक गाणं वाजवायला बसले. ते चुकलं. मुद्दाम चुकवलं असं पुढं मी मैत्रिणींना सांगितलं, पण खरोखरच चुकलं होतं. दोनदा चुकल्यावर पप्पा पेपर खाली ठेवून आले, शेजारी बसले आणि ती ओळ गुणगुणून दाखवली. वर्षभरानं. मी खाली मान घालून त्यांच्यामागे वाजवत राहिले. अंतऱ्याला ते चढले आणि आवाज फाटला. ते उठले, कोथिंबीर संपलीय म्हणाले आणि पिशवी घेऊन गेले. फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी होती.

ते जिना उतरत होते तेव्हा मला सुचलं. पेटीवर बोट कुठल्या पट्टीवर आहे हे सगळ्यांना दिसतं. हार्पवर काळं-पांढरं काही नाही. काही तारा लाल आणि निळ्या असतात, पण त्या वाजवणारीला वाट सापडावी म्हणून. मी सगळ्या तारा थोड्या उतरवल्या तर बघणाऱ्याला काय कळणार?

पुढच्या रविवारी पप्पा उठायच्या आधी मी हार्प अर्ध्या सुरानं उतरवली. काळी चारची पांढरी पाच झाली. माझी हार्प साधी आहे, तिच्यात पट्टी बदलायची सोय नाही. बावीस खुंट्यांना एकेक करून किल्ली लावायची, प्रत्येक तार ऐकायची, आणि शेवटच्या तारेपर्यंत पोचलं की पहिली हललेली असते. आई चहा गाळता गाळता बघत होती. तिनं कूलर बंद केला. हे तिनं आपण होऊन केलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

पप्पा आले, बसले. "पट्टी?" त्यांनी विचारलं.

"काळी चार," मी म्हटलं.

"हं," म्हणाले आणि गायले. आवाज फाटला, पण एक ओळ उशिरा. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अर्धा सूर खाली, काळी तीन, मग पांढरी चार. दर वेळी ते पट्टी विचारायचे, मी काळी चार म्हणायचे, ते हं म्हणायचे. तारा सैल होत चालल्या होत्या आणि मी खोटं बोलण्यात तयार होत चालले होते. पाचव्या रविवारी पांढरी तीनवर पप्पांनी अख्खा अंतरा न अडखळता म्हटला. मग म्हणाले की पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर आपलं नाव आहे असं कानावर आलंय, तर पांढरा शर्ट इस्त्रीला टाक. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. ती म्हणाली, पीठ लागेल.

सगळ्याचा विचार मी केला होता, एक काकांचा सोडून.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. वंदना झाली, खीर वाटून झाली. स्टेजच्या कडेला पिंपाएवढा कूलर होता आणि तो नेमका माझ्या हार्पवर रोखलेला. मी त्याचं तोंड फिरवायला सांगितलं, तर पुढच्या रांगेतल्या बायकांनी हरकत घेतली. तेवढ्यात काका पेटी घेऊन स्टेजवर चढले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, बोलवायची गरजही नव्हती. पप्पा गाणार तिथं पेटी त्यांचीच. त्यांनी पेटी पुसली, पप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि भाता उघडला.

मी हार्पवर 'सा' छेडला. त्याच क्षणी काकांचं बोट सवयीनं काळी चारवर पडलं. दोन 'सा' एकमेकांवर आदळले. खीर खाणाऱ्या एका पोरानंसुद्धा मान वर केली. काकांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा एकदा वाजवून बघितलं आणि विचारलं की पेटी बिघडली का पोरीचं मशीन.

पेटीप्रमाणे गायला गेलं तर पप्पांचा आवाज पुन्हा सगळ्यांसमोर फाटणार. खरी पट्टी सांगावी तर काळी चारवाला खाली उतरला हे अख्ख्या वस्तीला कळणार, आणि पप्पा तर स्टेजवरूनच निघून जाणार. मी घाईघाईनं म्हटलं, "काका, माझीच उतरली, कूलरमुळं. पेटी राहू द्या आज."

काकांचा जन्म सुरात गेलाय. "कूलरनं एवढी उतरती व्हय?" ते म्हणाले.

पप्पांनी माइक उचलला. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी सगळ्यांना जय भीम घातला, काकांकडे वळले आणि माइक तसाच तोंडाशी धरून म्हणाले, "काळी चार नाय. पांढरी तीन घे."

काकांचं बोट हवेतच राहिलं.

"कूलरला काय बोल लावता," पप्पा लोकांना म्हणाले. "गळा माझा उतरलाय. पोरीनं दर रविवारी एकेक पायरी खाली आणलं मला. तिला वाटलं, बापाला कळत नाय."

लोक हसले. काकाही हसले, आणि त्यांचं बोट सावकाश पांढरी तीनवर गेलं. माझं तोंड लाल झालं होतं. खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. इतक्या रविवारी पहाटे उठून केलेली बावीस तारांची उस्तवार, इतका सांभाळलेला खोटेपणा, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून नुसता 'हं' म्हणत होता. मग कळलं की ज्या गोष्टीची मला पाच आठवडे धास्ती होती ती पप्पांनी स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली होती, आणि ते अजून स्टेजवरच उभे होते. पहिल्या ओळीला माझी एक तार चुकली. पप्पा माझ्यासाठी थांबले.

खालच्या पट्टीत त्यांचा आवाज वेगळाच लागतो, जाडसर, घरात बोलावं तसा. ते गाणं मी लहानपणापासून ऐकलंय, पण काळी चारमध्ये आवाजाचीच इतकी भूल पडायची की शब्दांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा नीट ऐकू आले. माझ्या सुट्या सुट्या सुरांच्या मधल्या जागा पप्पा गळ्यानं भरत होते. गाणं संपल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं की ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं. पप्पा म्हणाले, मग पुढं येऊन बसा. लोक खरंच सतरंज्या ओढत पुढं आले.

पुढच्या रविवारी मी उशिरा उठले. आता लपवण्यासारखं काही नव्हतं. बाहेर आले तर पप्पा हार्पसमोर बसले होते. कपाटावरची वही खाली आली होती, तिच्यावरची धूळ पुसलेली होती आणि किल्ली वहीवर ठेवली होती.

"पांढरी तीनवर वरच्या जागेला जरा ताण पडतो," ते म्हणाले. "काळी दोन कर."

त्याच्याही खाली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते वहीत गाणं शोधत होते. मी किल्ली उचलली आणि पहिल्या खुंटीला लावली. बावीस तारा उतरवायला बराच वेळ लागतो. एकेक तार जागेवर आली की पप्पा वहीतून मान वर न करता म्हणत, "हं."