दहा पावलांवरचं घोंगडं

मी घर सोडलं त्या सकाळी आबा माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते. पडेगावच्या फाट्यावर बोचरं वारं सुटलं होतं आणि त्यांच्या अंगात नुसता सदरा. घोंगडं घरी ठेवून आले होते. मेंढरांमागं फिरलेलं घोंगडं म्हणजे लोकर, आणि लोकर म्हणजे माझा दमा, असं तेव्हा ठरलं होतं.

ठरवलं शहरात, शहागंजातल्या एका डॉक्टरांनी. त्यांच्या भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं होती की रंग दिसत नव्हता. 'मेंढ्या पाळता?' एवढं विचारून त्यांनी 'ॲलर्जी' म्हणून टाकलं. घरात कुणाला शब्द कळला नाही, म्हणून शंकाही आली नाही. कळप सोडणं शक्य नव्हतं. मग मला सोडलं. आठव्या वर्षी मी त्याच शहरात, उस्मानपुऱ्यात मावशीकडं गेले. पुढचं पुणं आणि स्कॉटलंड हा नुसता प्रवास. गाव सुटलं ते त्या दोन-तीन कोसांत.

सुट्टीत घरी गेले की आबा आधी अंघोळ करत, घोंगडं लांबच्या बाभळीवर टाकत, आणि तरीही दहा पावलांवरच बसत. आम्ही बापलेक मोठ्यानं बोलतो, ते तेव्हापासून.

इथं स्कॉटलंडात मी दम्याच्या रुग्णांच्या कफातल्या पेशी तपासते. काहींचं शरीर लोकर, धूळ, परागकण यांना शत्रू समजतं. मग इओसिनोफिल नावाच्या पेशी गर्दी करतात. काहींना असा शत्रू लागतच नाही. धूर, सर्दी, थंड हवा पुरते, आणि बऱ्याचदा न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पेशी धावून येतात. मागच्या वर्षी मी स्वतःचीच तपासणी करून घेतली. हातावर लोकरीपासून गवतापर्यंत सगळं टोचलं. एकही गांध उठली नाही. माझ्या कफाच्या काचपट्टीवर इओसिनोफिल शोधून सापडेनात, न्यूट्रोफिलांची मात्र जत्रा. मेंढ्या निर्दोष होत्या. लोकरीपासून लांब म्हणून मला रोज चुलीच्या धुराशी बसवत, त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

इतक्या वर्षांचं अंतर फुकट गेलं, हे बापाला कसं सांगायचं? दोन महिने टाळलं. मग फोन केला.

"म्हंजी मेंढरांचा काय दोष नाय?"

"नाय, आबा."

"लई बदनाम केलं त्यांना. आन् मी उगंच लांब बसलो, व्हय?"

 

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ते घोंगडं पांघरून बसले होते, फोनला इतके चिकटून की नुसती मिशीच दिसत होती. "आता ये बाई. दोघं मावतो का बघू यात."

घर म्हणजे काय, यावर इथल्या मराठी मंडळात दिवाळीला भाषणं होतात, शाल-श्रीफळासकट. तुम्ही मागं राहिलेले असा की माझ्यासारखे निघालेले, अशी भाषणं तुम्हीही ऐकली असतील. माझ्यापुरतं घर म्हणजे एक खरबरीत घोंगडं आहे, ज्यात मी कधी बसलेच नाही. तिकीट डिसेंबरचं काढलंय. थंड हवेनं मला धाप लागते, हे आबांना सांगितलेलं नाही.