जिन्याखालची ओल

आमच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत ओल येते आणि तिथल्या गोधड्यांना कुबट वास लागतो. बायको म्हणते, "अहो, फरशी तुम्ही स्वतः बसवलीत ना? खालून पाणी चढतंय." मी म्हणतो, पावसाळाभर तू तिथे दोरीवर ओले कपडे टाकतेस, त्याचा दमटपणा आहे. आठ वर्षं हेच चाललंय.

परवा मी त्या फरशीवर प्लॅस्टिकचा एक तुकडा पसरला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. थेंब प्लॅस्टिकच्या खाली धरले तर ओल जमिनीची, वर धरले तर हवेची. नंतर दोन दिवस आम्ही दोघंही तिकडे फिरकलो नाही. निकालाची घाई कोणालाच नसावी. इतकी वर्षं सांभाळलेली तक्रार खोटी ठरली, तर जेवताना बोलायचं कशावर?

आज टॉर्च घेऊन दोघंही वाकलो. थेंब खालीही होते आणि वरही होते.

"बघा," ती म्हणाली.

"बघ," मीही म्हणालो.

मग ती उठून दोरी सोडायला लागली, आणि मी फरशी उचकटायला पहार शोधू लागलो.