कातळ्या शिवथरच्या ओढ्यात

कऱ्हाडहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर कातळ्या आडवा पडला होता. डोकं वेगळं, पुठ्ठ्याच्या खोक्यात. धड सीटभर. शेपूट मात्र पुढच्या दोन सीटांच्या मधून थेट गिअरपर्यंत आलेलं. माझा नवरा दिलीप दर वेळी गिअर बदलताना ते कोपराने बाजूला सारायचा आणि मुद्दाम काही बोलायचा नाही. ते न बोलणं मला पाचवडपर्यंत ऐकू येत होतं.

मी शिवणक्लास चालवते. दिवसभर ब्लाउजच्या कटोऱ्या आणि पंजाबी ड्रेसचे गळे. पण लहानपणापासून माझं खरं वेड वेगळं आहे. समुद्रातून वर येणारे, डोंगर फोडून निघणारे, पुलांवर पाय ठेवून उभे राहणारे अवाढव्य प्राणी! असा एखादा सिनेमा लागला की मी कणीक तशीच परातीत टाकून बसते. त्यातही संगणकावर केलेले राक्षस मला फारसे रुचत नाहीत. मला आवडतात ते जुने, रबराचा पोशाख घातलेले, ज्यांच्या आत एक घामाघूम माणूस असतो. गुडघ्याशी चामडी दुमडते तिथे मी टीव्ही थांबवून बघते. शिवण कुठे लपवली असेल?

असल्याच वेड्यांच्या फोनवरच्या एका ग्रुपवर इम्रान भेटला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ऑपरेटर, राहणार तुडील. कातळ्या ही त्याची कल्पना. पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या ओढ्यांमधले काळे कातळ उघडे पडतात. त्यातलाच एक उठून उभा राहिला तर? त्याने फोनवर मापं पाठवली आणि मी फोम, कापड आणि वर रबराचे थरावर थर चढवत वर्षभर कातळ्या शिवला. पाठीत लांब चेन, मानेला मागून दोन बकलं. इम्रान आत शिरणार, दिलीप कॅमेरा धरणार, पाच मिनिटांची फिल्म होणार. प्रत्यक्षात आम्ही त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरायला लागलो. दिवाळी नुकतीच झाली होती. गवत पिवळं पडत होतं, तरी कड्यांवरून पाण्याच्या बारीक रेघा अजून उतरत होत्या. एका वळणावर समोरून ट्रक आला. दिलीपने ब्रेक दाबला, धड सीटवरून घसरलं आणि कातळ्याचा एक पंजा माझ्या खांद्यावर पडला. मी किंचाळले. दिलीप पहिल्यांदा हसला.

घाट संपता संपता चहाला थांबलो. टपरीवालीने गाडीत डोकावून पाहिलं.

"मागं काय हाय? देव हाय काय?"

"नाही, राक्षस आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि दुधाचं पातेलं ढवळायला लागली.

पोलादपूर मागे पडलं आणि महामार्गाने महाड गाठलं. कारखान्यांची पाळी सुटली होती. कंपन्यांच्या बसगाड्या, मोटरसायकलींचे थवे, हवेत औषधाच्या दुकानासारखा वास. तुडीलकडे वळल्यावर तो वास गेला आणि भातशेतांच्या पलीकडे सावित्रीचं संथ पाणी दिसायला लागलं.

इम्रान अंगणातच उभा होता. माझ्या डोक्यातला इम्रान धिप्पाड होता. हा किडकिडीत, चष्मा लावलेला, लाजरा. मापं मी स्वतः वहीतून कापडावर उतरवली होती, तरी पोशाखाची रुंदी पाहून माणसाचीही रुंदी तेवढीच धरून चालले होते. "माधवीताई, तो कुठाय?" एवढंच त्याने विचारलं. धड बाहेर काढलं तेव्हा पाठीच्या खवल्यांवरून तो हात फिरवत राहिला.

त्याच्या आईने आम्हाला आत बसवून सांदणं (तांदळाच्या रव्याचे, नारळाच्या दुधातले, वाफवलेले गोड वडे) वाढली. वडील आखातात होते, घरात ही दोघंच. तिने दारातून अंगणातल्या त्या काळ्या धुडाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "ह्याच्यात माझा पोर जानार?"

"हो चाची."

"श्वास घ्यायला जागा हाय काय?"

"गळ्याला फटी ठेवल्यात. त्यातूनच त्याला दिसेल."

तिने माझ्या ताटात अजून एक सांदण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवथरच्या खोऱ्याकडे निघालो. समर्थांच्या घळीकडे जाणाऱ्या भाविकांना त्रास नको, म्हणून इम्रानने बरीच अलीकडची जागा शोधून ठेवली होती. रस्त्यापासून आत एक वहाळ (ओढा), दोन्ही बाजूंना काळे कातळ, मध्ये कंबरभर पाण्याचा लहानसा डोह. खालच्या खाचरात काही बायका भात कापत होत्या. इम्रानने जाऊन त्यांना सांगितलं, की आम्ही शूटिंग करतोय, काही विचित्र दिसलं तर घाबरू नका.

तो आत शिरला. मी चेन वर ओढली, डोकं बसवलं, बकलं लावली. आणि तो चालला. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. पुठ्ठ्याच्या खोक्यातला आणि सीटवर लोळणारा तो कातळ्या नव्हताच. खांदे पाडून, शेपूट ओढत, कातळावरून कातळ होऊनच तो उतरत होता. दिलीप कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाला, "माधवी, हे भारी झालंय गं." त्याच्या तोंडून हे ऐकायला मी किती थांबले होते!

पाण्याच्या कडेला उभं राहून मान वर करायची, इतकंच ठरलं होतं. इम्रानने मान वर केली आणि स्वतःच्याच आनंदात एक पाऊल मागे टाकलं. शेवाळावर नखांचा रबरी तळवा सरकला. कातळ्या पाठीवर डोहात पडला.

आधी आम्ही हसलो. पोशाख तरंगत होता, आतून इम्रानही हसत होता. मग शेपूट खाली गेलं. पाठीची चेन पाण्याखाली होती आणि तिच्यातून आतला फोम पाणी पीत होता. धड जडावत गेलं, पाय तळाला टेकले, आणि पुढच्या मिनिटात फक्त छाती आणि डोकं वर राहिलं.

"ताई," आतून आवाज आला. "पाणी आत येतंय. उठता येत नाय."

आम्ही दोघं पाण्यात उतरलो. दिलीपने एक हात धरून ओढला. भिजलेली गादी ओढावी तसं झालं. हात इंचभर वर आला, धड हललंच नाही. मी त्याच्या डोक्यामागे पाण्यातल्या एका कातळावर बसले आणि ते अवजड डोकं मांडीवर घेतलं. बकलं मानेखाली, पाण्यात. बोटांनी चाचपडून एक सापडलं, पण फोम फुगून पट्टा असा ताणला गेला होता की तो बकलाच्या जिभेतून सुटेना. चेनीवर तर त्याचं सगळं वजन होतं.

"ताई, हनुवटीला लागलं पाणी."

"मान वर ठेव. मी धरलंय तुला."

"तोंडात जातंय."

मी गुडघे वर घेतले, डोकं आणखी उचललं. आणखी किती वेळ ते पेलवेल, हे मला कळत होतं आणि तेच मला कळायला नको होतं. दिलीप कडेला जाऊन खाचराच्या दिशेने जिवाच्या आकांताने ओरडत होता, "धावा! अहो, माणूस बुडतोय!"

बायका धावत आल्या. सगळ्यांत पुढे एक पन्नाशीची बाई होती, लक्ष्मीकाकी; नाव नंतर कळलं. हातात इळा (विळा). डोहाच्या कडेला ती थबकली. माझ्या मांडीवर दातांचा उघडा जबडा, पिवळे काचेचे डोळे. मागच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. तेवढ्यात गळ्यातून इम्रानचा खोकला ऐकू आला.

"अगो, आतमधी मानूस हाय!" असं म्हणत ती लुगड्यासकट पाण्यात आली. "कुठशी कापू? लवकर सांग."

वर्षभर मी त्या पोशाखाची एकेक शिवण घातली होती. पण हे उत्तर द्यायला एक क्षण लागलाच. मग तो क्षणही गेला.

"गळ्याला. ह्या फटीतून खाली. थांबा, आत त्याचा गळा आहे." मी फटीतून माझा डावा हात आत सारला. इम्रानची हनुवटी लागली, पाणी लागलं, त्याचे दात वाजत असलेले लागले. मी तळवा त्याच्या गळ्यावर पालथा पसरला. "आता कापा. माझ्या हातावरून."

"तुला लागंल गो."

"कापा!"

तिने इळ्याचं टोक फटीत घातलं आणि ओढलं. रबर करकरलं. माझ्या हाताच्या पाठीवरून काहीतरी गार सरकलं आणि मग गरम झालं. जबडा बाजूला झाला आणि त्यातून इम्रानचं तोंड बाहेर आलं. चष्मा नाही, ओठ निळे. त्याने घेतलेला तो पहिला श्वास इतका मोठा होता, की कडेला उभी एक बाई रडायला लागली.

उरलेलं काम काखेच्या शिवणीवरून झालं. तिथे कापड एकेरी होतं, मला ठाऊक होतं. दोन इळे आणि चार हात लागले. टरकन् एक बाजू मोकळी झाली आणि आम्ही त्याला बाहेर ओढून कातळावर आडवं केलं. कातळ्या उलटा होऊन डोहाच्या तळाशी बसला.

लक्ष्मीकाकीच्या घरी चुलीपाशी इम्रान गोधडीत गुंडाळून बसला होता. माझ्या हाताला हळद आणि वरून फडकं. इम्रानने त्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, अम्मीला नको सांगूया."

मी दिलीपकडे पाहिलं. दिलीप म्हणाला, "ते तूच ठरव, पण डॉक्टरकडे आधी जायचं." डॉक्टरांनी महाडला छाती तपासली, माझ्या हाताला टाके घातले. तुडीलला पोहोचलो तेव्हा दारात त्याची आई उभी होती. सकाळी इम्रानच्या अंगात असलेला शर्ट बदललेला आणि माझा हात बांधलेला. तिने एकदा दोन्हींकडे पाहिलं.

"काय झालं?"

इम्रान म्हणाला, "काय नाय, पाय घसरला."

मला ते पुढे नेता येईना. मी सगळं सांगितलं. चेन पाठीत ठेवली होती आणि पाण्याचा विचारच केला नव्हता, हेही. ऐकताना ती उभीच होती. संपल्यावर तिने इम्रानच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि तिथेच त्याला मिठी मारली. मग मला म्हणाली, "तू बस. हात दुखतोय ना?" तिने मला स्वतःच्या हाताने भाकरी कुस्करून वाढली. जेवण मात्र कोणालाच फारसं गेलं नाही. सुकटीची चटणी तशीच उरली.

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी आम्ही तिघं पुन्हा शिवथरला गेलो. बायकांनी कातळ्याला पाण्यातून ओढून खाचराच्या बांधावर वाळत घातलं होतं. एक बाजू फाटलेली, जबडा एकीकडे, आणि शेजारी कापलेल्या भाताचे भारे. गावातली माणसं येऊन बघून जात होती. एक म्हातारा इम्रानला विचारत होता, "हा खातो काय?" इम्रान सगळं विसरून त्याला कातळ्याची हकिगत सांगायला लागला: तो कुठे झोपतो, कशाने जागा होतो, त्याला राग कशाचा येतो. म्हातारा मन लावून ऐकत होता. काल मरता मरता वाचलेल्या माणसाचा चेहरा आज पोशाखाकडे बघून उजळला होता. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मीही बांधावर बसून मनातल्या मनात फाटलेली काख मापत होते.

लक्ष्मीकाकीला मी विचारलं, "काकी, तुम्ही आधी थांबलात ना कडेला? काय वाटलं?"

"भ्याले ना! कोन न भ्याल? तोंड बघितलंस काय त्याचं, तू केलंस ते?"

"मग पाण्यात कशा आलात?"

ती खाली वाकून भाताची मूठ धरत होती. इळा थांबला नाही.

"खोकला ना तो."

संध्याकाळी घाट चढताना धुकं उतरलं होतं आणि दिलीप अगदी हळू चालवत होता. मी आजवर पाहिलेल्या त्या सगळ्या सिनेमांत राक्षस दिसला की गर्दी फुटते. माणसं पुलांवरून, बोळांतून, एकमेकांना ढकलत पळतात. तो देखावा मला फार आवडायचा, अजूनही आवडतो. पण शिवथरच्या त्या बायका माझ्या राक्षसाकडे धावत आल्या होत्या, आणि तसा देखावा मी कुठल्याही पडद्यावर पाहिलेला नाही.

वाईच्या अलीकडे इम्रानचा फोन आला. पोचलात का, हात कसा आहे, असं विचारून झाल्यावर तो घुटमळला.

"ताई, अम्मी काय म्हनते माहितीय? पुढचा राक्षस डोंगरातला करा म्हनते. सुका."

दिलीपने गाडी कडेला घेतली, कारण मी रडत होते आणि हसतही होते, आणि त्याला माझ्याकडे नीट बघायचं होतं.