टीव्हीतल्या साहेबाची मिशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काहीच लपत नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चारपाच वर्षं झाली असतील. पवनीत आमचं लुगड्यांचं दुकान. तेव्हा टीव्हीवर एक मालिका लागायची. तिच्यातला एसपी फार कडक. नुसती भुवई उचलली की चोर कबूल! एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमी अगदी त्याच्यासारखे दिसता. झालं. मी तशी मिशी वाढवली. आरशासमोर भुवई उचलायचा सरावही केला — आता लपवून काय करू?

एकदा लग्नाची लुगडी पोचवायला एकोडीला गेलो. परतताना स्टॉपवर एक म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुमाले कुठंतरी पाह्यलं, साहेब. पोलिसात आहा ना?"

नाही म्हणायला असा किती वेळ लागतो? मी भुवई उचलली.

ती मला थेट तिच्या धानाच्या बांधीवर, शेतात घेऊन गेली. दिरानं तलावाचं पाणी अडवलं म्हणे, तिचं धान सुकून राहिलं. दीर तिथंच, फावडं घेऊन उभा. साठीचा, काटकुळा माणूस. मी मालिकेतल्या आवाजात गरजलो, "पाणी सोड! नाहीतर आत टाकीन!"

त्यानं मुकाट्यानं पाटाचं तोंड तिच्या बांधीकडे वळवलं. मी? मी तर हवेत!

मग तो दीरच मला स्टॉपवर सोडायला आला. वाटेत हळूच म्हणाला, "साहेब, आज पाण्याची पाळी माही होती. वहिनीची काल होऊन गेली. पण तुमी म्हनता तं..."

परत फिरता आलं असतं. 'बाबा, मी लुगडी विकतो' — एवढंच तर सांगायचं होतं. पण एसटी दिसली. खरं सांगू? एसटी दिसल्याचा आनंद झाला. मी चढलो. त्यानं खालून सलाम ठोकला. आणि मी — मी तो घेतला. उलट ठोकलाही.

दुसऱ्या दिवशी मिशी काढली. बायकोला सांगितलं, उकडते.

दिवाळीनंतर एकोडीची एक बाई दुकानात आली. बोलता बोलता म्हणाली, आमच्या शेजाऱ्याचं धान पोचट गेलं. कोन्या मोठ्या साहेबानं त्याचं पाणी तोडलं, अन् तो बिचारा भेवानं पुन्हा पाटाकडे गेलाच नाही.

"कोन साहेब होता, देव जाणे," ती म्हणाली.

मी तिला हिरव्यातलं दुसरं लुगडं दाखवलं.