कडी लावणारा हात

ठकूबाईला येडी म्हणणाऱ्यांची तोंडं मी कैक वेळा बंद केलीत. मी नंदा, तिची शेजारीण. भातलावणीत ठकूची बरोबरी करणारी बाई आमच्या पोशीर गावात नव्हती. मग तिला आवाज ऐकू यायला लागले, आणि भाऊ बुधाजी कामाला जाताना तिला मागच्या खोलीत कोंडायला लागला. वर दम द्यायचा, "घरातलं बाहेर बोललीस तर घाटावरच्या आश्रमात टाकीन." त्या आश्रमात माणसं साखळीनं बांधतात. तिथनं कुणी परत आलेलं आमी बघितलेलं नाय.

यंदा मुंबईच्या कॉलेजातली प्रिया संशोधनाला आली. तिची रीत अशी, मनाच्या आजारातल्या माणसांना प्रश्न विचारून भंडावायचं नाय, फोन द्यायचा. आपलं जगणं त्यांनीच फोटोत दाखवायचं. काढलेला फोटो आपोआप प्रियाकडं जायचा. नियम एकच, कुणाचा चेहरा नको, म्हणजे कुणी ओळखणार नाय. पोरगी गुणाची, पण गावात कधी राहिलेली नाय.

ठकूलाही एक फोन मिळाला. तिनं विळ्याचा फोटो काढला, कोंबडीचा काढला, आणि दाराच्या फटीतनं कडी लावणाऱ्या हाताचा काढला. गावात फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात मोठा करून लावायला तिनं तोच निवडला. "तोंड नाय ना दिसत? मग लाव," म्हणाली. हे मला मागाहून कळलं. आधी कळतं तर मी तो फाडून चुलीत घातला असता.

समाजमंदिरात फोटो लागले. तो हात मी तिथं बघितला. पहिलं बोट अर्धं. बुधाजीचं बोट भातगिरणीच्या पट्ट्यात गेलं, हे पोशीरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"अगं बाय, ह्याला चेहरा कशाला लागतोय?" मी प्रियाला म्हटलं. कळल्यावर ती पांढरीफटक पडली, फोटो उतरवायला धावली. तोवर बुधाजी पुढ्यात उभा. त्यानं हात खिशात घातला.

"चांगला आलाय," म्हणाला. मग बहिणीला अगदी मायेनं, "चल गं ठके, घरी." एवढ्या मायेनं तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत ठकू नव्हती, दारात बुधाजीचा टेंपोही नव्हता. दुपारी प्रिया धावत आली, फोन माझ्यापुढं धरला.

"नंदाताई, हे कुठलं?"

टेंपोची काच. पलीकडं घाटाच्या वाटेवरचा खालापूरचा टोलनाका. स्टेअरिंगवर अर्ध्या बोटाचा हात.

चेहरा नव्हता. ठकूनं नियम पाळला होता.