डाव्या काचेचा ठिपका

चश्म्याच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी एक टेबल आहे. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिथे चालतं आणि दुकान उघडल्यापासून तिथे मालक स्वतःच बसत आले. ‘चश्मे विकणारे पुष्कळ आहेत, मी बनवतो,’ हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही त्याला सांगत.

यंदा मात्र फ्रेमचे बारीक स्क्रू त्यांना दिसेनासे झाले. हाताखाली तयार झालेल्या लेकीला ते म्हणाले, “माझा चश्मा तू बनव. जमला तर टेबल तुझं. नाही तर मी आहेच.”

“न दिसता?”

“जीभ कुणावर गेलीये हिची!”

“आई म्हणते, तुमच्यावर.”

चश्मा झाला. तो घेऊन ते खिडकीसमोरच्या भिंतीपाशी गेले. काच भिंतीपुढे हातभर धरली, तशी भिंतीवर खिडकी उमटली: इवलीशी आणि उलटी. कॅमेऱ्यात चित्र पडतं ते असंच. मग तीच काच त्यांनी वर्तमानपत्रावर, अगदी जवळ धरली. अक्षरं सुलटी आणि मोठी. फुगीर काचेची रीतच ती. नंबर बरोबर होता.

मग त्यांनी काचेतून खिडकीचे उभे-आडवे गज पाहिले. काचेच्या मध्यातून गज मोडल्यासारखा दिसत नाही. ती जागा शोधून त्यांनी दोन्ही काचांवर शाईचा ठिपका दिला. डावा ठिपका मोहरीएवढा खाली आला.

“हे काय? ठिपके एका रेषेत नकोत? जा, पुन्हा घास.”

लेक हलली नाही. तिने आरसा पुढे केला. “ठिपके राहू द्या. डोळे बघा.”

ते बघत राहिले. त्यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा खाली होता. गावभरची नाकं मोजली, स्वतःचं तोंड मोजायचं राहून गेलं होतं.

ठिपके पुसून त्यांनी चश्मा चढवला, तळहातावर स्क्रू घेतला. त्याचा आटा न् आटा दिसला.

“काका, दांडी सैल झालीये,” पुढून गिऱ्हाइकाने हाक मारली.

“मागे द्या, टेबलावर. तिच्याकडे.” ते उठून गल्ल्यापाशी जाऊन बसले. चश्मा जवळचा, लांबचं सगळं धुरकट. तरी काढला नाही.

“हा बघा, तिने बनवलाय. डोळ्यांची उंची मोजून. बाजारात कोण करतं एवढं?”

“काका, मी इकडे आहे.”

“असाल,” ते म्हणाले. “पण काम बघा.”